जुन्या इनलाइन सिक्स इंजिनाची ताकद वाढवताना: पहिल्यांदा हात घालणाऱ्यांसाठी क्रमवार मार्गदर्शक

सहा सिलिंडर एका रांगेत असलेलं इंजिन जात्याच गुळगुळीत चालतं. पुढचे तीन आणि मागचे तीन पिस्टन एकमेकांचे धक्के रद्द करतात, त्यामुळे वेगळी बॅलन्स शाफ्ट लागत नाही. पण ताकद वाढवायला गेलं की हीच लांबी आडवी येते. लांब क्रँकशाफ्टला पीळ बसतो, लांब हेड वाकतं, आणि मधोमध बसवलेल्या एकुलत्या कार्ब्युरेटरमधून निघालेलं मिश्रण पहिल्या आणि सहाव्या सिलिंडरपर्यंत पोचेस्तोवर त्यातलं बरंचसं पेट्रोल वाटेत भिंतींना चिकटलेलं असतं. म्हणून या इंजिनाची ताकद वाढवणं म्हणजे मुख्यतः सहाही सिलिंडरांना सारखं काम करायला लावणं. चार सिलिंडर जोरात आणि दोन उपाशी असतील, तर कितीही मोठा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) घाला, आवाज वाढेल, ओढ वाढणार नाही.

खालचा क्रम कार्ब्युरेटरवर चालणाऱ्या, टर्बो नसलेल्या जुन्या इंजिनांसाठी आहे: शेवरलेट २५०, फोर्ड २०० आणि ३०० (आकडे घन इंचांत), क्रायस्लर स्लँट सिक्स, डॅटसन एल-मालिका, जॅग्वार एक्सके, ट्रायम्फ २.५ आणि त्यांची भावंडं. गाडी रोज रस्त्यावर चालवता यावी, हे इथे गृहीत धरलं आहे.

आधी काय जमवायचं

कागदपत्रं: तुमच्याच मॉडेलचं आणि वर्षाचं कारखान्याचं वर्कशॉप मॅन्युअल, गाडीचं नोंदणीपत्र, आणि एक जाड वही. नोंदणीपत्रावरचा इंजिन क्रमांक ब्लॉकवर नेमका कुठे कोरलाय ते शोधा आणि फोटो काढून ठेवा. शेवरलेटसह अनेक इंजिनांत हा क्रमांक ब्लॉकवरच्या घासलेल्या सपाट जागेवर असतो. तो वरच्या पातळीत असेल, तर मशीन शॉपमध्ये ब्लॉक फेस करताना (वरचा पृष्ठभाग घासताना) पुसला जातो. 'क्रमांकाला हात लावू नका' असं कामाच्या चिठ्ठीवर लिहून द्या. पुसलेल्या क्रमांकाची गाडी विकताना किंवा विमा उतरवताना जो त्रास होतो, तो इंजिनकामापेक्षा मोठा असतो. इंजिनात केलेल्या बदलांची विम्यासाठी आणि नोंदणीसाठी कुठे नोंद करावी लागते, तेही आधीच विचारून घ्या.

हत्यारं: कॉम्प्रेशन गेज, लीक-डाउन टेस्टर (सिलिंडरमध्ये हवा भरून गळती मोजणारं यंत्र), टॉर्क पाना, फीलर गेज, मॅग्नेटिक स्टँडसह डायल गेज, कॅमसाठी अंशांची चकती, टायमिंग लाइट, व्हॅक्यूम गेज, १०० सीसीची ब्युरेट किंवा मोठी सिरिंज, आणि एक्झॉस्टमधून हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर. शेवटची वस्तू महाग वाटते, पण तिच्याशिवाय जेटिंग (कार्ब्युरेटरमधले पेट्रोल सोडणारे जेट निवडणं) म्हणजे निव्वळ अंदाज.

१. इंजिन उघडण्याआधी त्याची तब्येत मोजा

इंजिन गरम करा, सगळे प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा, इग्निशन बंद करा आणि सहाही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन घ्या. आकडा किती आला यापेक्षा आकड्यांत फरक किती आहे ते महत्त्वाचं. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी यांत १० ते १५ टक्क्यांहून जास्त तफावत असेल, तर आधी दुरुस्ती, मग सुधारणा. ज्या सिलिंडरचा आकडा कमी, त्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा थकल्यात, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह बसत नाहीत. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी दाखवत असतील, तर त्यांच्यामधलं गॅस्केट गेलेलं असण्याची शक्यता जास्त.

मग लीक-डाउन. १० टक्क्यांच्या आत गळती असेल तर उत्तम, २० च्या पुढे गेली तर कामाला काढा. हवा कुठून फुसफुसते तिकडे कान द्या. कार्ब्युरेटरमधून येत असेल तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइल भरायच्या तोंडातून तर रिंगा. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट.

सिलिंडरचे क्रमांकही मॅन्युअलमध्ये पाहूनच ठरवा. बहुतेक इनलाइन सिक्समध्ये पहिला सिलिंडर रेडिएटरच्या बाजूला असतो, जॅग्वार एक्सकेमध्ये मात्र तो फ्लायव्हीलच्या बाजूला. फायरिंग ऑर्डर बहुतेकांची १-५-३-६-२-४ असते, त्यामुळे तारा उलट्या लागल्या तरी चूक पटकन लक्षात येत नाही.

जुन्या जाहिरातीतल्या हॉर्सपॉवरशी तुलना करतानाही जपून. अमेरिकी कंपन्या १९७१ पर्यंत ग्रॉस आकडे छापत, म्हणजे एअर फिल्टर, सायलेन्सर, अल्टरनेटर यांचा बोजा नसलेल्या इंजिनाचे. १९७२ पासून नेट आकडे आले. शेवरलेट २५० चा ग्रॉस आकडा १४५ होता, नेट ११०. ताकद मोजून घेणार असाल, तर काम सुरू करण्याआधी आणि संपल्यावर एकाच डायनोवर (ताकद मोजण्याच्या यंत्रावर) मोजा.

२. तुमच्या इंजिनाची जन्मजात अडचण ओळखा

पार्ट्सची यादी करण्याआधीची ही पायरी बहुतेक जण गाळतात.

फोर्डच्या १४४, १७०, २०० आणि २५० या इंजिनांत इनटेक मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेलं असतं. एका लांब नळकांड्यासारखं. ते काढून दुसरं लावता येत नाही. ॲडॅप्टर लावून मोठा कार्ब्युरेटर बसवता येतो, पण वाट तीच अरुंद राहते. शेवरलेट १९४ ते २९२ या कुटुंबात सहा सिलिंडरांना तीनच इनटेक पोर्ट आहेत, आणि प्रत्येक पोर्टच्या मधोमध हेड बोल्टचा खांब उभा. याच कंपनीच्या १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या काही २५० इंजिनांत तर मॅनिफोल्डही हेडमध्येच ओतलेलं आहे. ते हेड सुधारत बसण्यापेक्षा आधीचं सुटं मॅनिफोल्डवालं हेड शोधा. स्लँट सिक्सचे पोर्ट वेगवेगळे आहेत, पण २२५ चा स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) १०४.८ मिमी आणि मेन बेअरिंग (क्रँकचे आधार) चारच. ट्रायम्फ २.५ मध्येही चारच, शिवाय क्रँकचे थ्रस्ट वॉशर झिजून खाली पडण्याची खोड. डॅटसन एल-मालिका आणि जॅग्वार एक्सके यांना सात मेन बेअरिंग आहेत आणि हेडही चांगलं श्वास घेतं.

चार बेअरिंगचं, लांब स्ट्रोकचं इंजिन असेल, तर जास्त आरपीएमच्या मागे लागू नका. २,००० ते ४,५०० या पट्ट्यात ओढ वाढवा, त्यातच त्याची मजा आहे.

३. खालचा भाग: आधी टिकाऊपणा

ब्लॉक उकळून साफ करताना कोअर प्लग काढायलाच सांगा. मागच्या सिलिंडरांभोवतीच्या पाण्याच्या वाटेत गंज आणि गाळ घट्ट बसलेला असतो. सहावा सिलिंडर गरम होण्याचं कारण पुष्कळदा तेवढंच असतं.

बोअर (सिलिंडरचा व्यास) ०.५ ते १ मिमी वाढवणं हे सर्वसाधारण दुरुस्तीचं काम. त्यापुढे जायचं तर भिंतीची जाडी अल्ट्रासॉनिक यंत्राने मोजून घ्या. ओतीव कामात साचा जरा सरकला की एका बाजूची भिंत पातळ राहते, आणि ती बाहेरून कळत नाही. बोअर वाढवून मिळणारी ताकद तशी थोडीच. सिलिंडरमागे आठ-दहा सीसीसाठी ब्लॉक पणाला लावू नका.

रिंगेची गॅप बोअरच्या प्रत्येक मिमीमागे साधारण ०.००४ मिमी, म्हणजे ८६ मिमी बोअरला ०.३४ मिमी. बेअरिंग क्लिअरन्स जर्नलच्या प्रत्येक मिमीमागे ०.००१ मिमी, म्हणजे ६० मिमी जर्नलला ०.०६ मिमी. रिंगा पाकिटातून काढून थेट पिस्टनवर चढवू नका. प्रत्येक रिंग तिच्याच सिलिंडरमध्ये घाला, पिस्टनने ढकलून सरळ करा, फीलर गेजने मोजा आणि वहीत लिहा. गॅप कमी राहिली तर गरम झाल्यावर रिंगेची दोन्ही टोकं एकमेकांना भिडतात आणि भिंत खरवडतात.

बॅलन्सिंगवर हात आखडू नका. सहा पिस्टन एक ग्रॅमच्या आत, कनेक्टिंग रॉड दोन्ही टोकांना वेगवेगळे तोलून जुळवलेले. क्रँक, डॅम्पर, फ्लायव्हील आणि क्लच कव्हर हे चारही एकत्र बॅलन्स करून घ्या.

आता डॅम्पर. क्रँकच्या पुढच्या टोकाला पुली असते, तिच्यात दोन लोखंडी कड्यांच्या मध्ये रबर असतं. प्रत्येक स्फोटासरशी लांब क्रँक किंचित पिळते आणि सुटते. ते कंपन हे रबर जिरवतं. जुनं रबर कडक होतं, त्याला भेगा जातात आणि बाहेरचं कडं हळूहळू फिरतं. मग दोन संकटं येतात. जास्त आरपीएमला क्रँक तुटण्याची भीती असते, आणि टायमिंगची खूण खोटी पडते. रबर बाहेर आलेलं दिसलं तर डॅम्पर नव्याने रबर भरून घ्या किंवा बदला. तिथे साधी भरीव पुली लावायचा मोह टाळा.

फोर्ड ३०० आणि अनेक शेवरलेट २५० मध्ये कॅम गिअरवर चालतो, आणि कॅमवरचा गिअर फायबरचा असतो. कडक व्हॉल्व्ह स्प्रिंग लावणार असाल तर तो धातूचा करा.

४. हेड: खरी ताकद इथे आहे

पैसे एकाच ठिकाणी घालायचे असतील तर इथे घाला.

व्हॉल्व्ह सीट तीन कोनांत कापून घ्या, ३०-४५-६० अंश. ४५ अंशाची बसण्याची पट्टी इनटेकला सुमारे १.५ मिमी, एक्झॉस्टला २ मिमी. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह आपली उष्णता सीटमधूनच हेडला देतो, म्हणून त्याची पट्टी रुंद. बिनशिशाच्या पेट्रोलवर ओतीव लोखंडाच्या जुन्या एक्झॉस्ट सीट खोल जातात, तेव्हा कडक सीट बसवून घ्या.

पोर्टिंग म्हणजे पोर्ट मोठं करणं, हा समज काढून टाका. सीटखालचा १५-२० मिमीचा भाग, जिथे हवा वळण घेते, तिथली ओतकामाची धार गुळगुळीत करा. सीटखालचा गळा व्हॉल्व्हच्या व्यासाच्या ८५ ते ९० टक्के ठेवा. पोर्टची खालची बाजू शक्यतो न घासणं बरं, कारण वळण आणखी तीव्र होतं. मॅनिफोल्डचं तोंड आणि पोर्टचं तोंड गॅस्केटला धरून जुळवा. इनटेक मॅनिफोल्डचं भोक पोर्टपेक्षा जराही मोठं नको, नाहीतर हवेच्या वाटेत पायरी तयार होते. शेवरलेटच्या पोर्टमधला खांब काढून तळाला भर घालण्याची जुनी, परिणामकारक पद्धत आहे, पण ते अनुभवी मशीनिस्टचं काम. पहिल्याच वेळी आपल्या हाताने करू नका.

कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन खाली आणि वर असतानाच्या जागेचं गुणोत्तर) मोजल्याशिवाय हेड घासायला देऊ नका. डॅटसनच्या एल२८ चं उदाहरण घ्या. बोअर ८६, स्ट्रोक ७९ मिमी, म्हणजे एका सिलिंडरचं आकारमान ४५९ सीसी. ८.३ रेशोला पिस्टनच्या वर उरलेली सगळी जागा ६२.९ सीसी भरते. ९.३ हवा असेल तर ती ५५.३ करावी लागते, म्हणजे ७.६ सीसी कमी. चेंबरच्या तोंडाचं क्षेत्रफळ समजा ४५ चौ. सेमी आहे, तर १ मिमी घासल्यावर ४.५ सीसी जातात, म्हणजे जवळपास १.७ मिमी घासावं लागेल. हे खूप आहे, आणि परिणाम लगेच दिसतात. ओव्हरहेड कॅम इंजिनात (कॅम हेडवर असतो) कॅम क्रँकच्या जवळ येतो, चेन सैल पडते आणि कॅमचं टायमिंग मागे जातं. कॅमचे आधार तितक्याच जाडीच्या शिमवर उचलावे लागतात. पुशरॉड इंजिनात (कॅम ब्लॉकमध्ये असतो) पुशरॉड तेवढे लांब ठरतात, कॅम आणि पुशरॉड यांच्यामधले हायड्रॉलिक टॅपेट दाबले जातात आणि व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. जास्त फरक हवा असेल तर पिस्टन बदलणं शहाणपणाचं.

सहाही चेंबर ब्युरेटने मोजा. पारदर्शक प्लास्टिकच्या तुकड्याला ग्रीस लावून चेंबर झाका, छोट्या भोकातून रंगीत पाणी सोडा, बुडबुडा राहू देऊ नका. सगळ्यात मोठ्या चेंबरच्या मापाला बाकीचे पाच आणा, फरक अर्ध्या सीसीच्या आत ठेवा. ओतीव लोखंडाचं हेड आणि साधं पेट्रोल असेल तर ९ ते ९.५ रेशो पुरे. ॲल्युमिनियमच्या हेडला थोडी जास्त मुभा असते.

५. कॅम: मनात येतो त्याहून एक माप लहान

कॅमच्या कागदावर १.२७ मिमी लिफ्टला मोजलेला कालावधी पाहा. जाहिरातीतला मोठा आकडा तुलनेसाठी उपयोगाचा नाही. रस्त्यावरच्या इंजिनाला २०५ ते २१५ अंश भरपूर झाले. त्यापुढे खालची ओढ जाते, आयडल डगमगतं, आणि व्हॅक्यूमवर चालणारे ब्रेक जड होतात.

बसवताना खालची मापं स्वतः घ्या, कॅम विकणाऱ्याच्या भरवशावर राहू नका:

- पूर्ण लिफ्टला स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना भिडण्याआधी किमान १.५ मिमी जागा उरायला हवी.
- स्प्रिंग रिटेनर आणि व्हॉल्व्ह सील यांच्यातही तेवढीच.
- पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यात इनटेकला २ मिमी, एक्झॉस्टला २.५ मिमी. पिस्टनवर मऊ मातीची वडी ठेवा, हेड जुन्या गॅस्केटसह कसा, क्रँक हाताने दोन फेरे फिरवा, हेड काढा आणि माती कापून जाडी मोजा.

चकती आणि डायल गेज लावून कॅमचं टायमिंग तपासा. स्प्रॉकेटवरच्या खुणा जुळल्या म्हणजे काम झालं, असं समजू नका.

सपाट टॅपेटचा कॅम नवा असेल तर टॅपेटही नवेच हवेत. जुने टॅपेट जुन्या कॅमशी झिजून जुळलेले असतात, नव्या कॅमचे उंचवटे ते खाऊन टाकतात.

६. मॅनिफोल्ड आणि कार्ब्युरेटर

बहुतेक जुन्या इनलाइन सिक्समध्ये इनटेक आणि एक्झॉस्ट हेडच्या एकाच बाजूला असतात, एकाखाली एक, आणि दोन्ही मॅनिफोल्ड एकाच गॅस्केटवर, सामाईक वॉशरखाली दाबलेली असतात. तुम्ही नवीन हेडर (सुट्या नळ्यांचं एक्झॉस्ट मॅनिफोल्ड) लावता. त्याची फ्लँज ८ मिमी जाड आणि इनटेकची १० मिमी असेल, तर वॉशर फक्त इनटेकवर टेकतो आणि एक्झॉस्ट सैल राहतं. दोन आठवड्यांत गॅस्केट जळतं, फटफट आवाज येतो, आणि लोक कार्ब्युरेटर खोलत बसतात. बसवण्याआधी दोन्ही फ्लँज व्हर्नियरने मोजा. फरक असेल तर जाडी जुळवून घ्या किंवा पायरीचे वॉशर करून घ्या.

मूळ रचनेत एक्झॉस्टची उष्णता इनटेकच्या तळाला मिळते. हेडर लावल्यावर ती जाते, आणि थंड हवेत मॅनिफोल्डमध्ये पेट्रोल थेंबाथेंबाने साचतं. एकच कार्ब्युरेटर ठेवणार असाल, तर इनटेकच्या तळाला रेडिएटरच्या गरम पाण्याची प्लेट लावा. उलट प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र गळा असेल तर उष्णता नकोच. तिथे हीट शील्ड आणि ६ ते १० मिमीचे उष्णतारोधक स्पेसर लावा.

सहा सिलिंडरांत सारखं वाटप करण्याचा सगळ्यात स्वच्छ मार्ग म्हणजे दोन गळ्यांचे तीन साइडड्राफ्ट कार्ब्युरेटर. वेबर ४० डीसीओईला सुरुवातीचा हिशेब सोपा आहे. चोक (हवेच्या वाटेतला अरुंद गळा) ३२ मिमी असेल तर मेन जेट त्याच्या साधारण चौपट, १३०, आणि एअर करेक्टर (हवेचा जेट) त्यात ५० मिळवून १८०. ही फक्त सुरुवात, शेवट वाइडबँडवर. चोक लहानच निवडा. पेट्रोलचा दाब ०.२ बारच्या आसपास हवा. जुन्या मेकॅनिकल पंपाचा दाब त्याहून जास्त असू शकतो, आणि मग सुई उचलली जाऊन कार्ब्युरेटर वाहतो. प्रेशर रेग्युलेटर लावाच. ब्रेक बूस्टरचा व्हॅक्यूम एकाच गळ्यातून घेऊ नका, सगळ्या गळ्यांतून बारीक नळ्या काढून एकत्र करा.

एकच दोन-बॅरल कार्ब्युरेटर परवडत असेल तर तोही वाईट नाही. फक्त प्लगवर नजर ठेवा. मधले दोन काळे आणि टोकाचे पांढरे दिसले, तर टोकाचे सिलिंडर लीन (पेट्रोल कमी पडून) चालले आहेत. वाइडबँड सहाही सिलिंडरांची सरासरी दाखवतो, त्यामुळे आकडा चांगला असूनही सहावा पिस्टन जळू शकतो.

७. एक्झॉस्ट

फायरिंग ऑर्डर पाहा: पुढचा, मागचा, पुढचा, मागचा. म्हणून १-२-३ एका नळीत आणि ४-५-६ दुसऱ्या नळीत घेतले, की प्रत्येक गटात धूर क्रँकच्या बरोबर २४० अंशांनी येतो आणि एकमेकांना अडवत नाही. सुट्या नळ्या ३८ ते ४१ मिमी, पुढे जोडून ५७ ते ६३ मिमीची एक नळी. त्याहून मोठी नको.

८. टायमिंग

आधी खरा टॉप डेड सेंटर (पिस्टन सगळ्यात वर असण्याची जागा) शोधा. पहिल्या प्लगच्या जागी पिस्टन स्टॉप लावा, क्रँक हाताने एका दिशेने फिरवून अडेल तिथे खूण करा, मग उलट दिशेने तसंच करा. दोन खुणांच्या बरोबर मध्ये टॉप डेड सेंटर. डॅम्परवरची कारखान्याची खूण याच्याशी जुळते का ते पाहा.

व्हॅक्यूम ॲडव्हान्स बाजूला काढून ३,००० आरपीएमला ठिणगी टॉप डेड सेंटरच्या आधी एकूण ३० अंशांपासून सुरू करा आणि दोन-दोन अंशांनी वाढवा. बहुतेक इंजिनं ३२ ते ३६ मध्ये खूश असतात. टेकडीवर टॉप गिअरमध्ये कडकड ऐकू आली, की दोन अंश मागे या. व्हॅक्यूम ॲडव्हान्स कायमचा काढून टाकू नका, त्याने संथ प्रवासात पेट्रोल वाचतं आणि इंजिन थंड राहतं. पॉइंट्सच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावताना डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टचं बुश सैल नाही ना, ते हलवून बघा. सैल शाफ्टमुळे प्रत्येक सिलिंडरचं टायमिंग वेगळं पडतं, आणि मग वरची सगळी मेहनत वाया.

९. पहिल्यांदा सुरू करताना

हेड बोल्ट मधून बाहेर, तीन टप्प्यांत कसा. कॅमच्या उंचवट्यांना ब्रेक-इन पेस्ट, इंजिनात झिंकचं प्रमाण जास्त असलेलं ब्रेक-इन ऑइल. जिथे डिस्ट्रिब्युटरच्या भोकातून पंप फिरवता येतो, तिथे ड्रिलने फिरवून रॉकरपर्यंत ऑइल आल्याची खात्री करा.

इंजिन पकडलं की सपाट टॅपेटच्या कॅमला आयडलवर सोडू नका. लगेच २,००० ते २,५०० आरपीएमला न्या आणि २० मिनिटं खालीवर करत राहा. म्हणून टायमिंग, पाणी, पेट्रोल, पंखा हे सगळं आधीच तपासलेलं हवं. ऑइल प्रेशर आलं नाही, किंवा कुठे पाणी गळलं, तर मात्र ताबडतोब बंद करा. २० मिनिटांनंतर ऑइल आणि फिल्टर बदला, फिल्टर कापून कागदाच्या घड्या उघडा. बारीक करडी पूड चालते. चमकणाऱ्या कपच्या दिसल्या तर पुढे चालवू नका.

मग रस्त्यावर. रिंगा बसण्यासाठी मध्यम जोर द्या आणि सोडा, असं आलटून पालटून. तासन्‌तास एकाच वेगाने चालवलं तर सिलिंडरच्या भिंती गुळगुळीत होऊन रिंगा कधीच नीट बसत नाहीत आणि इंजिन ऑइल खातं. पूर्ण थ्रॉटलला मिश्रण (पेट्रोलच्या एका भागाला हवेचे भाग) १२.५ ते १२.८ राहील असे जेट निवडा.

ब्रेक आणि क्लच नव्या ताकदीला पुरेसे आहेत का, हे पहिल्या जोरदार फेरीच्या आधी बघायचं. जुन्या ड्रम ब्रेकच्या गाडीत तर सगळ्यात आधी.

८०० किलोमीटरनंतर पुन्हा ऑइल बदला, टॅपेट सेट करा, मॅनिफोल्डचे नट कसा. हेड गॅस्केट जुन्या पद्धतीचं असेल तर इंजिन थंड असताना बोल्ट पुन्हा टॉर्क करा. सहाही प्लग काढून क्रमाने फडक्यावर मांडा, रंगांचा फोटो काढा आणि पहिल्या दिवशीच्या कॉम्प्रेशनच्या आकड्यांशेजारी वहीत चिकटवा. एखादा प्लग बाकीच्या पाचांहून वेगळा दिसत असेल, तर जेटला हात लावण्याआधी त्या सिलिंडरचं मॅनिफोल्ड गॅस्केट आणि व्हॉल्व्हचं क्लिअरन्स तपासा.